मांजरपाटातल्या आक्का

आक्कांच्या दुकानात एक शब्द चालत नसे. शिवी चालायची, मशीनवरच्या चाचांची तंबाखू चालायची, पण ‘मॅचिंग’ म्हटलेलं चालायचं नाही. नव्या गिऱ्हाइकाला हे कुठलं ठाऊक असायला? एकदा एक बाई लग्न ठरलेल्या लेकीला घेऊन आल्या. पिशवीतून आमसुली साडी काढून पायरीवर पसरली आणि म्हणाल्या, “ह्यावर एकदम मॅचिंग ब्लाऊज पायजे बघा. जरासुदिक फरक दिसाय नको.”

चाचांनी मशीनचं चाक हातानं थांबवलं. मी हुक लावत होते, ती मान आणखी खाली घातली.

“मग साडीच फाडूया की,” आक्का म्हणाल्या.

“काय?”

“पदर कापा. त्याचंच शिवून देते. फरक दिसायचा न्हाय.”

“अवो, असं काय बोलताय? चांगली साडी—”

“वैनी, मॅचिंग हे भ्यालेल्या माणसाचं काम हाय. तुम्ही कुणाला भ्यालाय? व्याह्याला?”

बाई तणतणत उठल्या. लेक मात्र उठली नाही, तिला हसू आलं होतं. आक्कांनी तोवर आतून एक तुकडा आणला, हिरव्या मुगाच्या सालीसारखा, आणि साडीवर ठेवला. दोन्ही रंग एकमेकांच्या अंगावर धावून गेल्यासारखे दिसले. मग आक्कांनी मधे बोटभर राखी पट्टी सरकवली. भांडण मिटलं. साडी साडीसारखी दिसू लागली, हिरवा हिरव्यासारखा.

“दोघं तालेवार असली की मधी एक गरीब माणूस बसवायचा,” आक्का म्हणाल्या. “तो काय बोलत न्हाय, पर त्याच्यामुळं घर चालतं.”

दारापर्यंत गेलेल्या बाई परत येऊन बसल्या. पुढं त्यांच्या घरातली सगळी लग्नं आक्कांकडंच आली.

रंकाळ्याकडं जाणाऱ्या रस्त्याच्या आत एका बोळात आक्कांचं दुकान. पाटीवर बुटीक लिहिलेलं, पण बोळात त्याला ‘आक्काचं कोर्ट’ म्हणत. कारण उत्तरेकडच्या दाराला एक रुंद दगडी पायरी होती आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला आधी त्या पायरीवर उभं राहावं लागायचं. तिथं ऊन थेट येत नाही, पण उजेड भरपूर आणि सगळीकडं सारखा. आक्का हनुवटीखाली एकेक कापड धरत, दोन पावलं मागं सरत आणि निकाल देत. “हा नको, तोंड आजारी दिसतंय.” “हा नको, कापडच आधी घरात शिरतंय, बाई मागनं येती.” “हा. आता तू दिसालीस.”

संध्याकाळी दिवा लागला की रंगाचं काम बंद. शिवण चालू राहायची, काजं व्हायची, फॉल लागायचे, पण कुणी शालू घेऊन आलं तरी आक्का त्यावर नजर टाकत नसत. “ट्यूबलाईटखाली ठरवलेला रंग सकाळी वळखसुदिक देत न्हाय,” असं त्यांचं म्हणणं. आमदार-खासदारांच्या घरची माणसं आली तरी हेच उत्तर: “सकाळी या पावणं, उजेड घिऊन.”

आणि इतक्या रंगांत राहणारी ही बाई स्वतः कायम मांजरपाटात. जाडंभरडं सुती कापड, न धुवट, न रंगवलेलं, गिरणीतून येतं तसं. त्याची साडी, त्याचाच ब्लाऊज. मुंबईला फॅशनचं शिकून आलेली बाई अशी का राहते, यावर बोळात तऱ्हेतऱ्हेच्या गोष्टी होत्या. कुणी म्हणायचं प्रेमभंग, कुणी म्हणायचं नवस. खरं कारण मला आक्कांनीच एकदा दाखवलं. मला पायरीवर उभं केलं, हातात पांढरा कागद दिला, आणि लाल चादर पांघरून माझ्यापुढं उभ्या राहिल्या. कागद गुलाबी झाला.

“बघितलंस? माझ्या अंगावरचा रंग गिऱ्हाइकाच्या तोंडावर जातो. मी लाल नेसले तर समदं कोल्हापूर मला गुलाबी दिसंल. जी रंग निवडती तिनं रंग घालायचा न्हाय.”

प्रेमभंगाची गोष्ट मात्र त्यांनी कधी खोडली नाही. त्यामुळं गिऱ्हाईक वाढतं, म्हणायच्या.

मी इथली नव्हे. माझं गाव हिंगोली जिल्ह्यात, रेल्वेनं रात्रभर आणि वर अर्धा दिवस. नववीत शाळा सुटली. दाजी इथल्या एमआयडीसीत फाउंड्रीत होते म्हणून ताईनं मला बोलावून घेतलं आणि शेजारणीच्या ओळखीनं आक्कांकडं हुक-बटणांच्या कामाला लावलं. मला इथली बोली कळत नव्हती. कुणी मोठ्यानं बोललं की भांडतंय असं वाटायचं, आणि कोल्हापुरात तर सगळेच मोठ्यानं बोलतात. प्रत्येक हुक लावला की मी विचारायचे, “चुकलं का?”

आक्का म्हणायच्या, “चुकलं तर उसवू. धागा काय जहागिरी हाय व्हय?”

तरी मी विचारायची थांबले नाही. अजूनही पूर्ण थांबले नाही.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझ्या अंगावरच्या ड्रेसकडं बोट केलं. धुऊन धुऊन करडा पडलेला, मुळात फिकट बदामी.

“हे तुझ्या अंगावर कुणी घातलं?”

“मावशीनं घेतला. काळ्या पोरीनं भडक घालू नये म्हणते.”

“तुझी मावशी म्हशी पाळती?”

“नाही.”

“मग तिला काळ्यातलं काय कळतंय?”

मी आत जाऊन रडले. इतक्या लांब येऊन एका बाईनं मला म्हशीच्या रांगेत बसवलं, एवढंच मला समजलं. चाचा पाणी प्यायला आत आले. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या कोल्हापुरात शिवणकाम करणारं, आणि आक्कांचं बोलणं समजावून सांगायचं कामही त्यांच्याकडंच असल्यासारखं होतं.

“रडू नको बेटी,” ते म्हणाले. “ह्या दुकानात म्हैस म्हंजे सगळ्यात मोठं गिऱ्हाईक हाय. दिवाळीला बघशील.”

दिवाळीला बघितलं. पाडव्याला कोल्हापुरात म्हशी सजवून रस्त्यावर आणतात. अंग चोपडून तुळतुळीत केलेलं, शिंगं रंगवलेली, त्यावर मोरपिसं, गळ्यात कवड्यांच्या माळा, पायांत चाळ. मालक मोटरसायकलवर पुढं आणि म्हैस त्याच्या हाकेनं मागं पळत. मी गावाकडं बैलांचा पोळा बघितला होता. म्हशीचा एवढा मान पहिल्यांदाच बघत होते. गवळी गल्लीतल्या तात्यांची बिजली नावाची म्हैस होती. बाकीच्यांच्या म्हशींना रिबिनी, बिजलीला मखमलीची झूल, आणि ती शिवायची आक्कांनीच. आदल्या दिवशी बिजली ट्रायलला यायची. खरोखर यायची. बोळात तोंड घालून, शेपूट हलवत, पायरीसमोर उभी राहायची. आक्का तिच्या मानेखाली कापडं धरायच्या, दोन पावलं मागं सरायच्या.

“तात्या, तोंड इकडं करा तिचं. न्हाय, हा अबोली मरतोय. काढा.”

“फिकट घालूच नका आक्का,” तात्या म्हणायचे. “आजारी वाटती. दूध कमी झालंय का म्हून इच्यारत्यात लोक.”

आक्कांनी मला हाक मारली. “बघ. पांढऱ्यावर समदे रंग गोड दिसत्यात, कुणाचीबी परीक्षा हुईत न्हाय. काळ्यावर ज्याच्यात दम हाय त्योच उभा ऱ्हातो.” मग बिजलीच्या मानेवरचं भिजल्या विटेच्या रंगाचं कापड काढून त्यांनी तेच माझ्या हनुवटीखाली धरलं आणि तात्यांना विचारलं, “कसं?”

तात्यांनी मान तिरपी करून नीट बघितलं. म्हशीकडं बघताना बघायचे तसंच. “लई बेस,” म्हणाले. “पोरीचं डोळं दिसाय लागलं.”

आक्कांनी त्याच कापडाचा मला कुडता शिवला. तो घालून मी रंकाळ्यावरून चालत ताईच्या घरी गेले, आणि वाटेत कुणी आपल्याकडं बघावं असं मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

हळूहळू आक्का मला रंग शिकवू लागल्या. भिंतीवर खिळे ठोकून त्यांनी काचेच्या बांगड्यांचं एक मोठं वर्तुळ केलं होतं. लाल, त्याच्या शेजारी शेंदरी, मग पिवळा, पोपटी, हिरवा, निळा, जांभळा, आणि फिरून लाल. कॉलेजातल्या मुली त्यांच्याकडं शिकायला येत, त्याही याच बांगड्यांपुढं बसत. “शेजारचे शेजारी गुण्यागोविंदानं ऱ्हात्यात,” आक्का सांगायच्या, “आन् समोरासमोरचे भांडत्यात. पर भांडणाराच एकमेकाला उठाव देतो. किती भांडू द्यायचं, तेवढं आपल्या हातात.” रिळावर धागा गडद दिसतो आणि कापडावर एकटा पडला की फिका होतो, म्हणून नेहमी रेघभर गडद धागा घ्यायचा, हेही तिथंच शिकले.

पण त्यांची मुख्य शिकवणी म्हणजे एकच प्रश्न. कापडाचा तुकडा पुढं धरायच्या आणि विचारायच्या, “हा कुठला?”

“हिरवा.”

“हिरवं तर बेडूकबी असतंय. नाव सांगू नको, वस्तू सांग.”

कॉलेजातल्या मुली अडायच्या, इंग्रजी नावं सांगायच्या. त्यांचं ज्ञान माझ्यापेक्षा फार मोठं होतं; कागदावर त्या असं काही काढायच्या की मी बघत राहायची. पण या एका प्रश्नाला माझ्याकडं उत्तरं होती. हा हरभऱ्याच्या घाट्याचा. हा तुरीच्या फुलाचा, पाठीमागं तांबड्या रेघा असतात त्याचा. हा ज्वारीच्या कणसाचा, पण हुरड्यात आल्यावरचा. शाळेत या गोष्टींना कधी गुण नव्हते. आक्का डोळे मिटून ऐकायच्या आणि म्हणायच्या, “दिसला.” तेवढ्या एका शब्दासाठी मी आठवडाभर गावातलं शेत आठवत बसायची. घरची आठवण येऊन जीव कासावीस व्हायचा, तो असा कामाला लागला.

तरीही एक गोष्ट ठरलेली होती. हुक, फॉल, काजं, काठ आमचे, रंग आक्कांचा. कापड निवडणं आणि पहिली कात्री लावणं, दोन्ही त्यांनीच करायचं. चाचा इतके जुने, पण त्यांनीही कधी “हा घ्या” म्हटलं नव्हतं.

मग एका वर्षी आक्का मला जास्तच विचारू लागल्या. “हा कुठला?” सकाळी, दुपारी, गिऱ्हाईक पुढ्यात असताना. मला वाटायचं, परीक्षा अवघड करतायत. मी आनंदानं सांगायची, त्या “दिसला” म्हणायच्या आणि तो तुकडा गिऱ्हाइकाला लावायच्या. पायरीवर त्या दोनाऐवजी चार पावलं मागं सरायला लागल्या, मग एकदम जवळ यायला लागल्या. एकदा निळ्या बांगडीवर बोट ठेवून म्हणाल्या, “ही काळी कुणी लावली रं हितं?” चाचा म्हणाले, “धूळ बसलीय, आक्का.” आणि त्यांनी ती बांगडी पुसली. ती स्वच्छच होती.

त्यानंतर मला कळलं. आक्का परीक्षा घेत नव्हत्या. त्या खरंच विचारत होत्या.

मी घाबरले. ताई-दाजी तोवर कामासाठी पुण्याला गेले होते, मी आक्कांच्याच माडीवर राहत होते. इथं माझं म्हणावं असं दुकान सोडून काही नव्हतं, आणि दुकान म्हणजे आक्कांची नजर. ती नजर गेली असं मी कुठल्या तोंडानं बोलणार? नाही बोलले. त्या विचारत राहिल्या, मी सांगत राहिले. असंच चालेल, असं मी मनाला सांगत होते.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी ते चालेनासं झालं.

झुलीसाठी मखमल आणायला आक्का एकट्याच बाजारात गेल्या होत्या. त्यांना जांभळी झूल करायची होती. ठाणात झुलीच्या एका बाजूपुरतीच मखमल उरली होती, म्हणून दुसरा तुकडा त्यांनी दुसऱ्या ठाणातून काढायला सांगितला. आक्कांनी ज्या ठाणावर बोट ठेवलं त्यातला दुकानदारानं कापून दिला. कोल्हापुरात आक्कांना रंग सांगायची कुणाची छाती नव्हती. दुपारी मी माडीवरून खाली आले तेव्हा दोन्ही तुकडे कापून, कच्चे टाके घालून, पाठीच्या कण्यावर जोडलेले होते. डावी बाजू जांभळी होती आणि उजवी तपकिरी.

आक्का पायरीवर बसून समाधानानं त्यावरून हात फिरवत होत्या. “यंदाची झूल बघून गल्ली गप हुती का न्हाय बघ.”

मी चाचांकडं बघितलं. त्यांनी मला मागच्या खोलीत नेलं.

“मी सकाळीच बघितलं,” ते पुटपुटले. “माझ्याच्यानं न्हाय हुईत बेटी. ती मला चाचा म्हणती, पर मी तिच्या हाताखाली म्हातारा झालोय. तूच बोल.”

“मला काढून टाकतील.”

“टाकंल बी. पर उद्या समदं गाव रस्त्याच्या दोन्ही बाजूला उभं असतंय. ह्या बाजूच्याला एक म्हैस दिसंल, त्या बाजूच्याला दुसरी. लोक आक्काला हसतील.”

आक्कांना लोक हसतील. हे ऐकल्यावर मला बाकीचं काही सुचेना. मी बाहेर गेले आणि झूल उचलून पायरीच्या कडेला, भरपूर उजेडात धरली. मला दुसरं काही बोलता येण्यासारखं नव्हतं, म्हणून मी त्यांचाच प्रश्न विचारला.

“आक्का, हा कुठला? नाव नका सांगू, वस्तू सांगा.”

त्या हसल्या. “आता तू माझी परीक्षा घेणार व्हय? पिकल्या जांभळाचा. झाडावरच्या न्हाय, खाली पडलेल्या.”

मी उजवी बाजू पुढं केली. “आणि हा?”

“त्योच की.”

“हा खजुराचा आहे, आक्का.”

त्या हसत राहिल्या, मग हसू तसंच राहिलं आणि डोळे त्यातून निघून गेले. त्यांनी दोन्ही तुकडे नाकाशी धरले. फिरवले.

“दोन्हीत फरक हाय?”

“हाय,” मी म्हणाले. हाय. आक्कांशी पहिल्यांदाच मी त्यांच्यासारखी बोलले.

“किती?”

“लई.”

तेवढ्यात बोळातून चाळ वाजले. तात्या बिजलीला घेऊन ट्रायलला येत होते. चाचा पुढं धावले, झूल आत न्यायला. आक्कांनी त्यांचा हात बाजूला केला आणि उठून उभ्या राहिल्या. त्या नेहमीसारख्या मोठ्यानं बोलल्या, बोळात ऐकू जाईल इतक्या.

“तात्या, माझं डोळं फसलं. एक बाजू जांभळी झाली आन् एक खजुरी. जांभळी मखमल आता कुठं मिळायची न्हाय, ठाण संपलं, आन् दुकानं पूजेला बसली. बिजलीची झूल यंदा ही पोरगी ठरवंल.”

तात्या माझ्याकडं बघू लागले. मी त्यांना हुक लावणारी पोरगी म्हणून ठाऊक होते. “आक्का, बिजली आता म्हातारी झाली,” ते सावकाश म्हणाले. “हिचा ह्यो शेवटचा पाडवा. पुढल्या साली न्हाय पळायची. तवा जरा—”

“म्हणूनच,” आक्का म्हणाल्या. “शेवटाला आंधळीचा रंग नको.” आणि माझ्याकडं वळल्या. “दिव्याच्या आत ठरव. मग मी बघू देणार न्हाय.”

उजेड पायरीवरून उठायला लागला होता. मी बिजलीच्या पाठीवर झूल टाकली. खरंच दोन म्हशी दिसत होत्या. पळून जावं वाटलं. मग मी आत जाऊन बांगड्यांपुढं उभी राहिले. जांभळ्याच्या समोर पिवळा. आणि खजूर? खजुराची बांगडी वर्तुळात नव्हतीच. पण गावाकडं तुरीचं वाळलेलं फूल मी बघितलं होतं. पिवळा करपत गेला की शेवटी खजुराचाच होतो.

कात्री घेऊन मी बाहेर आले.

“आक्का, दोन्ही बाजू मधोमध कापते. पुढचा अर्धा जांभळा, मागचा अर्धा खजुराचा, दोन्हीकडं सारखं. आणि जोडावर हातभर पिवळा पट्टा, तुरीच्या फुलाचा.”

“का?”

“खजूर पिवळ्याच्या घरातला हाय. जांभळा त्याच्या समोरचा. पिवळा मधी बसला की एकाशी नातं सांगंल, एकाशी भांडंल. दोघं बी उठून दिसतील.”

“गरीब माणूस का न्हाय बसवला मधी? राखी?”

“काळ्यावर राखी मरतो, आक्का. हितं मधी तालेवारच पायजे.”

आक्कांनी मखमलीच्या जोडावरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, “मला दिसंना. पर ऐकाय बरोबर येतंय. लाव कात्री.”

मखमलीला कात्री लावायची म्हणजे परतीची वाट नाही. ती उसवून पूर्वीसारखी होत नाही. मी कात्री लावली. पिवळ्याचे तीन तुकडे बिजलीच्या मानेखाली धरून बघितले, त्यातला एक ठेवला, आणि चाचांनी दिवा लावला.

पाडव्याला आक्का माझा दंड धरून रस्त्याच्या कडेला उभ्या होत्या. हलग्या, शिट्ट्या, सायलेन्सर काढलेल्या गाड्या. बिजली आली. म्हातारी झाली होती, पण तात्यांनी हाक दिली तशी मान वर करून पळाली, आणि काळ्या अंगावर तो पिवळा पट्टा असा उठला की आधी पट्टा, मग जांभळा, मग खजूर, आणि शेवटी त्या सगळ्यांच्या खाली तिचं ते तुळतुळीत काळं अंग, असं एकामागून एक दिसत गेलं.

“लोक कुठं बघाय लागल्यात?” आक्कांनी कानाशी विचारलं. “शिंगाकडं का पाठीकडं?”

“पाठीकडं.”

“सगळे?”

पलीकडून कुणीतरी ओरडलं, “तात्याची म्हातारी बघ की रं! नवरी झालीया नवरी!”

आक्कांनी माझा दंड दाबला. पुढचा आठवडाभर तिथं बोटांच्या खुणा होत्या. मी त्या कुणाला दाखवल्या नाहीत, पण रोज बघत होते.

थंडीत त्यांच्या दोन्ही डोळ्यांतले मोतीबिंदू काढले. पट्टी निघाल्यावर पायरीवर येऊन बसल्या, वर बघितलं आणि म्हणाल्या, “हे असं निळं हुतं व्हय आभाळ? आन् मला कुणी सांगितलं न्हाय!” मग बांगड्यांपुढं बराच वेळ उभ्या होत्या. आम्हाला वाटलं, आता सगळं पूर्वीसारखं.

गेल्या वर्षी माझी आई पहिल्यांदा कोल्हापूरला आली. माझ्या अंगावरचा मांजरपाट बघून तिनं डोळ्याला पदर लावला. “इतक्या लांब रंगाच्या दुकानात राहतीस, आन् अंगावर हे? काय झालं गं तुला?” दुकान आता मीच बघते. आक्का इथून जवळच मलकापूरला भाच्याकडं असतात आणि तिथल्या पडद्यांवरून घरच्यांना सळो की पळो करून सोडतात, असं ऐकते. आईला मी समजावलं, तेच इथं सांगते.

आभाळ बघितल्यानंतर थोड्याच दिवसांनी, एका दुपारी आक्कांनी मला एक पुडकं दिलं. आत मांजरपाटाचा कुडता होता, त्यांनी स्वतः शिवलेला. माझा विटकरी कुडता अंगावर होता. तो मी किती जपायची, त्यांना माहीत होतं.

“हा सणावारी घाल,” त्या म्हणाल्या. “पायरीवर हे घालायचं.”

“चुकलं का काही?”

“घाल म्हटलं की.”

मी घालून आले. तोवर आक्का पायरीवर जाऊन उभ्या राहिल्या होत्या, गिऱ्हाईक उभं राहतं तिथं.

“आता मला लाव,” म्हणाल्या.

मी कापडं आणली. एकेक त्यांच्या हनुवटीखाली धरलं. दोन पावलं मागं सरले. निळा नको, ओठ फिके पडतात. हळदी नको, केस पिवळे दिसतात. मग एक गुलाबी धरला, आणि त्यांचं तोंड पुढं आलं. इतकी वर्षं त्या मांजरपाटाच्या मागं ते होतं.

“हा,” मी म्हणाले. “आता तुम्ही दिसालाय.”

“कुठला? वस्तू सांग.”

“कापसाच्या फुलाचा. फूल उमलतं तेव्हा पांढरट पिवळं असतं, दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं. हा दुसऱ्या दिवसाचा.”

आक्कांनी डोळे मिटले. मी “दिसला” ऐकायची वाट बघत राहिले.

“आमच्याकडं कापूस न्हाय,” त्या म्हणाल्या. “आख्खा जन्म कापूस अंगावर घातला, त्याचं फूल कधी बघितलं न्हाय. गुलाबी हुतं म्हणतीस?”

“व्हय.”

“मग तू म्हणतीस तर आसंल,” म्हणाल्या, आणि ते कापड स्वतःच खांद्यावर ओढून घेतलं. “कापाय घे. उजेड जाईल.”